बाहेरची कडी

४ जानेवारी, रविवार

सलाम.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून लिहून घेतलाय. फोन करू नका, असं तू तीन वर्षांपूर्वी सांगितलंस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस. कुलूपवाल्याला एवढी फट पुरते, हे तुला माहीत आहेच.

आपल्या बारक्याचा निकाह पंधरा फेब्रुवारीला ठरलाय, हे थोरलीने तुला सांगितलं असेल. सव्वीस वर्षांचा झाला, दारातून वाकून आत येतो, तरी तोंडातून बारक्याच निघतं. मुलगी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. कमी बोलते, पण बोलली की समोरच्याकडे बघून बोलते.

हे सांगायला पत्र लिहिलेलं नाही. मला भीती वाटतेय, म्हणून लिहितोय, आणि ती सांगायला दुसरं माणूस नाही.

परवा दुपारी जेवताना तो म्हणाला, "अब्बा, आतल्या खोलीच्या दाराला एक कडी लावून द्या. बाहेरून."

मी विचारलं, "बाहेरून कशाला?"

"असावी. आधी होती ना."

मी म्हणालो, कडी शिल्लक नाही. चाळीस वर्षं कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवणारा माणूस म्हणतोय, कडी शिल्लक नाही. तो हसला. मीही हसलो. 

त्या दारावर अजून चार भोकं आहेत. मी ती लांबीने बुजवून वरून रंग दिला होता, पण उजेड तिरका पडला की दिसतात. सतरा वर्षं झाली. त्याला ती कडी आठवत नसेल, अशी माझी समजूत होती.

एक मात्र तुला मान्य करावं लागेल. मी तुझ्यावर कधी हात उचलला नाही. शेजारी एवढी आदळआपट चालायची, आपल्या घरातून कधी आवाज बाहेर गेला नाही. कडी होती ती चोऱ्यांमुळे. तेव्हा वस्तीत चोऱ्या फार व्हायच्या.

तब्येत सांभाळ. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या मुलांचा बाप


१० जानेवारी, शनिवार

सलाम.

आधी मागच्या पत्रातली एक दुरुस्ती. चोऱ्यांमुळे कोणी दाराला बाहेरून कडी लावत नाही. मी कुलूपवाला आहे, मला तरी हे कळायला हवं होतं. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मलाच लाज वाटली. तू मला न विचारता तुझ्या आईकडे जाऊन आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती कडी लावली. झालं, लिहिलं.

काल जुम्म्यानंतर मौलवी साहेब मशिदीच्या ओट्यावर बसून स्वतःच्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवत होते. मी म्हणालो, "द्या इकडे, माझ्याकडे टोचा आहे, दोन मिनिटांचं काम." ते म्हणाले, "असू दे. नबी आपले जोडे आपण शिवायचे. घरात झाडलोट करायचे, बायकांच्या कामाला हात लावायचे. आपण त्यांच्यासारखी दाढी ठेवली आणि सुईदोरा तेवढा बायकोकडे दिला."

मला हसू आलं. मग धीर करून विचारलं, "पण मौलवी साहेब, घराचा कारभार पुरुषाच्या हातात दिलाय ना?"

"दिलाय. म्हणून तर कयामतच्या दिवशी आधी तुम्हालाच उभं करतील. घर कसं राखलंस, लोक तुला घाबरून जगले की तुझ्या आधाराने जगले, हे तुम्हाला विचारतील. तुमच्या बायकोला नाही."

त्यांना आपल्या घरातलं काही माहीत नाही. सहज बोलले आणि दोरा दाताने तोडला. मी मात्र घरी येईपर्यंत दोनदा रस्ता चुकलो. ज्या रस्त्याने चाळीस वर्षं जातोय तोच रस्ता.

आता भीतीचं सांगतो. बारक्याला होणाऱ्या बायकोशी फोनवर बोलताना मी ऐकलं. ओरडत नव्हता. अगदी हळू म्हणाला, "मैत्रिणीकडे गेलीस ते ठीक आहे. मला न विचारता कशी गेलीस, एवढंच विचारतोय." तो आवाज माझा होता. शब्दही माझे. मी मोरीत हात धूत होतो, नळ बंद करायचाही विसरलो.

नंतर मी त्याला म्हणालो, "बेटा, ती कडी बरी नव्हती. तुझी अम्मी त्यामुळे दुखावली होती."

तो म्हणाला, "अम्मी कडी असताना इथंच होती अब्बा. कडी काढलीत, मग गेली. तुम्हीच म्हणालात, मी सैल सोडलं म्हणून हे झालं."

म्हणालो होतो. तू थोरलीच्या बाळंतपणाला म्हणून गेलीस आणि परतलीच नाहीस, तेव्हा चार नातेवाइकांसमोर मान वर राहावी म्हणून म्हणालो होतो. तो कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता.

तो कामावरून येतो तेव्हा जिन्यात त्याचे बूट वाजतात. तिसऱ्या पायरीवर थांबला तर मूड बरा. न थांबता वर आला तर मी स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी विसळायला घेतो. काल भांडी आधीच घासलेली होती, तीच पुन्हा घासली. घासता घासता आठवलं, मी घरी आलो की तूही नेहमी काहीतरी विसळत असायचीस.

तुझ्या मुलांचा बाप


१९ जानेवारी, सोमवार

सलाम.

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी: "मला सांगून काय उपयोग. त्या मुलीला सांगा."

तीन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, म्हणून आधी नुसतं बघत बसलो. वाचलं नंतर.

तू म्हणतेस ते बरोबर आहे, म्हणून शनिवारी लॅबमध्ये गेलो. उपाशीपोटी. रक्त तपासायला आलोय असं सांगितलं, कारण दारात जाऊन "माझ्या मुलाशी लग्न करण्याआधी एक ऐक" असं कोण म्हणतं? पांढऱ्या कोटात ती वेगळीच दिसत होती. म्हणाली, "काका, बाही वर करा. मूठ आवळा." मी मूठ आवळली. पट्टा बांधला, शीर शोधली, सुई गेली तेसुद्धा कळलं नाही, एवढा हात हलका. मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, "आता मूठ सोडा." मी सोडली आणि तोंडही मिटलं.

तिने विचारलं, "काका, डोळे का मिटलेत? घाबरलात का?"

"सुईला घाबरतो मी," मी म्हणालो.

"एवढे मोठे होऊन?" ती हसली आणि कापूस दाबून धरायला सांगितला. आपल्या टेबलातून बिस्किटाचा पुडा काढून दिला, उपाशी घरी जाऊ नका म्हणाली.

साखर बरी आहे माझी. न मागता एवढी खबर मिळाली. बाकी ज्या कामाला गेलो होतो ते तसंच परत घेऊन आलो.

तू विचारशील, कशाला घाबरता? सांगतो. पोरगा घर सोडून जाईल, याला घाबरतो. तू गेलीस, थोरली बोलत नाही, आता हा गेला तर संध्याकाळी दुकान बंद करून मी कुठे जाऊ? आणि तो गेला नाही, समोर उभा राहिला, तर त्यालाही घाबरतो. स्वतःच्या पोराला. असं लिहिताना कान तापतात.

मी आधी त्याच्याशी बोलतो. त्याला खरं सांगितलं तर त्या मुलीपर्यंत जायची वेळच येणार नाही.

तुझ्या मुलांचा बाप


२७ जानेवारी, मंगळवार

सलाम.

रविवारी बोललो. काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मधलं गाळून टाकीन.

सकाळी मी बाजारातून आलो, तर दाराला कडी लागलेली. तयार कडी-कोयंडा विकत आणून त्याने स्वतःच बसवली होती. जुन्या चार भोकांतली लांबी खरवडून त्याच भोकांत स्क्रू पिळले होते. काम चांगलं केलं होतं. मीच शिकवलंय.

मी त्याला बसवलं आणि तुझ्या आईचा दिवस सांगितला. तुला तो माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकला नाहीस. म्हणून तुलाही सांगतो. त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, अम्मीला बरं नाही, जाऊन येते. मी म्हणालो, संध्याकाळी बघू. तू म्हणालीस, मी विचारत नाहीये, सांगतेय. मी तुला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली आणि म्हणालो, "बस जरा. डोकं शांत होईल तुझं." जेवणाचं ताट आत ठेवलं होतं, म्हणजे मी किती भला. मग दुकानात गेलो. दुपारी कोणाच्या तरी तिजोरीचं कुलूप उघडायला शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. इकडे तुझी आई गेली. फोन वाजत राहिला, उचलायला कोणी नव्हतं. दुपार कलली, असरच्या नमाजनंतर दफन झालं. मी संध्याकाळी आलो, कडी काढली, तोवर तुझ्या आईवर माती पडली होती. तुला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

हे सगळं मी बारक्याला सांगितलं. शेवटी म्हणालो, "ती गेली ती कडी काढली म्हणून नाही. लावली म्हणून. जायला तिला चौदा वर्षं लागली, एवढंच."

 त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, पोचलं. मी पेचकस घेतला आणि म्हणालो, चल, काढून टाकू. खोलीच्या आतल्या अंगाला स्क्रूची टोकं किती बाहेर आलीत ते बघायला मी आत पाऊल ठेवलं, आणि मागे दार लागलं. कडी सरकली. बाहेरून त्याचा आवाज आला, अगदी हळू, "बसा जरा. डोकं शांत होईल तुमचं."

मग बूट जिन्यावरून खाली गेले.

आयुष्यभर मी लोकांची दारं उघडत आलो. एकदा एका बाईचं तान्हं बाळ आत अडकलं होतं, अर्ध्या मिनिटात उघडलं होतं दार. या दाराला आतून काहीच नाही. ना भोक, ना खटका. बिजागऱ्याही बाहेरच्या अंगाला. पेचकस हातात, आणि पिळायला एकही स्क्रू नाही. मी खांद्याने दार ढकललं, मग हाक मारली, मग हाक मारायची लाज वाटली. खिडकीच्या गजातून समोरची बाई कपडे वाळत घालताना दिसली. तिला ओरडून काय सांगू, माझ्या पोराने मला कोंडलंय?

दुपारच्या जोहरची अजान झाली. वजूला, हात-तोंड धुवायला, पाणी नव्हतं. भिंतीवर हात घासून कोरडाच तयम्मुम केला आणि नमाज पढलो. सजद्यात गेलो तेव्हा बाहेर फोन वाजायला लागला.

खूप वेळ वाजला. थांबला. पुन्हा वाजला. मला एकच वाटत होतं, थोरलीचा असेल. तुला काही झालं असेल. आज असरनंतर तुला नेतील आणि मी इथं दाराशी उभा असेन. मी नखांनी दाराची फट खरवडली. दाराच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाला, जुने ओरखडे आहेत. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्या खोलीत मी इतकी वर्षं झोपतोय.

असर व्हायच्या बेताला त्याने दार उघडलं. हातात जेवणाचं ताट होतं. म्हणाला, "झालं?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच म्हणालो. ताट घेतलं आणि जेवलो. तूही "हो" म्हणायचीस. मला वाटायचं, तुला पटलं.

फोन वीज मंडळाचा होता, असं नंतर कळलं. बिलाबद्दल काहीतरी.

तुझ्या मुलांचा बाप


५ फेब्रुवारी, गुरुवार

सलाम.

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी एकच ओळ: "फोन उचलला गेला होता. तेही लिहा."

लिहितो. त्याआधी, त्या मुलीला सांगितलं. तुझं कार्ड खिशात ठेवून सोमवारी सरळ लॅबमध्ये गेलो. ती म्हणाली, "काका, परत? तुमचा रिपोर्ट तर छान आहे." मी म्हणालो, "आज रक्त काढायचं नाही, ऐकायचं आहे." ती नळ्यांना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. मी बोलत गेलो, ती चिकटवत गेली. मधेच तिचे हात थांबले.

सगळं झाल्यावर तिने विचारलं, "तुम्ही त्याला घाबरता का, काका?"

या वेळी सुईचं नाव घेता आलं नसतं. "हो," मी म्हणालो.

"तुम्ही घाबरता, तर मी काय करायचं होतं?"

तिने उरलेल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. ती म्हणाली, रविवारी मी त्याला आमच्या घरी बोलावते. माझ्या अब्बांसमोर बोलेन, दार उघडं ठेवून. तुम्ही मला सांगितलंत, हे मी लपवणार नाही. मी म्हणालो, लपवू नकोस. 

आता फोनचं.

फोन वाजत राहिला नव्हता. बारक्याने उचलला होता. थोरली शाळेत होती, त्याला ताप होता म्हणून तो घरी. मी निघताना त्याला सांगितलं होतं, "मी येईपर्यंत कडीला हात लावायचा नाही. मी नाही तेव्हा घरातला मर्द तू." नऊ वर्षांचा होता. फोनवर तुझ्या भावाने निरोप दिला, तो त्याने दाराबाहेरून तुला सांगितला. तू त्याला कडी काढायला सांगितली असशील. त्याने काढली नाही.

संध्याकाळी मी आलो तर तो दारापुढे जमिनीवर बसलेला. मला काय झालंय माहीत नव्हतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "शाबास. मर्द आहेस."

मग कडी काढली आणि तुझा चेहरा पाहिला.

"उचलायला कोणी नव्हतं," असं मी सतरा वर्षं सगळ्यांना सांगत आलो. पोराला वाचवायला सांगतो, असं स्वतःला समजावलं. त्या रविवारी त्याच्या तोंडावरही तसंच सांगितलं. तो पांढरा का पडला, ते तुझं कार्ड वाचल्यावर कळलं.

रविवारची मला फार भीती वाटतेय.

तुझ्या मुलांचा बाप


११ फेब्रुवारी, बुधवार

सलाम.

पंधरा तारखेला निकाह नाही. तिने त्याला सांगितलं, "अब्बांना कोंडलंस, मग मला काय करशील, ते मला कळलंय. तू असा का झालास, ते मला अजून कळलं नाही. आधी तुझ्या अम्मीला भेटून ये. पुढचं मी त्यांचं ऐकून ठरवीन." तिच्या अब्बांनी मधे तोंड घातलं नाही. हे सगळं बारक्यानेच नंतर मला सांगितलं.

तो रविवारी दुपारी परतला. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा होतो. बूट जिन्यावर तिसऱ्या पायरीला थांबले नाहीत.  तो आत आला, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पिशवीतून पेचकस काढला. खोटं कशाला सांगू, मी दोन्ही हात तोंडासमोर धरले. आपल्या पोरापुढे.

त्याने ते पाहिलं.  मग गेला आणि दाराची कडी काढायला लागला. तिसरा स्क्रू फिरेना, तर खाली बसला आणि बोलायला लागला. माझ्याकडे पाठ होती.

म्हणाला, "अम्मी आधी रडली नाही. म्हणाली, बेटा, कडी काढ. मी म्हणालो, माझा हात पुरत नाही. ती म्हणाली, स्टूल घे. मी म्हणालो, स्टुलावर चढूनही पुरत नाही. पुरत होता, अब्बा. स्टुलाशिवाय पुरत होता. मी रोज ती कडी खेळायला उघडायचो. मग ती जोरात रडायला लागली, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला. मग तुम्ही आलात आणि शाबास म्हणालात."

कडी वाईट होती असं म्हटलं, तर त्या दुपारी तो कोण होता? म्हणून त्याने कडी चांगली ठरवली. लहान पोराने स्वतःला वाचवायला आणखी काय करायचं? मी त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो. म्हणालो, "ते ओझं तुझं नव्हतं. माझं होतं, मी तुझ्या डोक्यावर ठेवलं आणि वरून शाबासकी दिली. मी भेकड होतो, बेटा. बायको आपल्या पायांनी चालून जाऊ शकते, याला भ्यालो. भ्यालेल्या माणसाच्या हातात मी घराची कडी दिली आणि त्याला मर्दानगी म्हणालो. त्या रविवारी मला कोंडलंस, ते मात्र तुझं. ते तुला सांभाळावं लागेल."

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. एवढं जड डोकं झालंय त्याचं. शेवटचे दोन स्क्रू मी काढले. भोकं बुजवलेली नाहीत. राहू देत, दिसू देत.

आता कामाचं. तो शुक्रवारी सकाळच्या बसने तुझ्याकडे येतोय. जुम्म्याची नमाज तिकडेच पढेल आणि मग तुझ्या दाराशी येईल. कडीपर्यंत हात पुरत होता, हे तो स्वतः सांगणार आहे. तुला कदाचित तेव्हाच कळलं असेल. आई आहेस. मला विचारलंस तर त्याला माफ कर असं म्हणेन, म्हणून मला विचारू नकोस. त्या मुलीचा फोन येईल, तिला जे खरं वाटेल ते सांग. लग्न मोडलं तरी चालेल.

मी येत नाही. बोलावलं नाहीस, आणि न बोलावता यायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही.

त्याला सांगून ठेवलंय, एकदाच ठोकायचं. पुन्हा ठोकायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, खिडकीत डोकावायचं नाही. अम्मीने उघडलं नाही, तर संध्याकाळपर्यंत पायरीवर बसायचं आणि परतीची बस पकडायची. त्याने विचारलं, "आणि उघडलंच नाही तर?" मी म्हणालो, "तर नाही उघडलं."

कडी या वेळी तुझ्या बाजूला आहे.

तुझ्या मुलांचा बाप